क्षेत्र प्रकल्प : आधी पाहायला आणि लिहायला शिकवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नाशिकमधल्याच एका महाविद्यालयात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असलेली माझी भाची गेल्या महिन्यात आपला क्षेत्र प्रकल्प, म्हणजे प्रत्यक्ष लोकांत जाऊन करायचा अभ्यास, घेऊन माझ्याकडे आली. द्राक्षबागांत काम करणाऱ्या स्त्री मजुरांची सामाजिक व आर्थिक स्थिती, असा विषय होता. तिच्या हातात २२ प्रश्नांची छापील प्रश्नावली होती, बहुतेक प्रश्नांपुढे 'होय' आणि 'नाही' असे दोन चौकोन होते, आणि एका सकाळी नाशिकजवळच्या गिरणारे येथील मजूर बाजारात जाऊन तिने व तिच्या दोन मैत्रिणींनी अशा ५० प्रश्नावल्या भरून आणल्या होत्या. आता त्यांची टक्केवारी काढायची, रंगीत आलेख जोडायचे आणि शेवटी निष्कर्ष लिहायचे, एवढेच काम उरले होते. मी तिला म्हटले, की या ५० जणींपैकी कोणतीही एक जण तुला काय म्हणाली ते सांग. ती बराच वेळ कागद चाळत राहिली आणि मग म्हणाली, "मावशी, त्याला यात जागाच नाही."

त्या उत्तरामुळे हे पत्र लिहीत आहे. भाचीला मी दोष देत नाही, कारण तिला जसे सांगितले तसे तिने प्रामाणिकपणे केले. आणि शंभराहून अधिक मुलांचे प्रकल्प एकट्याने तपासणाऱ्या तिच्या शिक्षकांनाही दोष देण्याचा मला अधिकार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमाची जी नवी रचना झाली, तिच्यात क्षेत्र प्रकल्पाला आणि समाजाशी जोडणाऱ्या उपक्रमांना श्रेयांक (क्रेडिट) मिळाले आहेत. पूर्वी समाजशास्त्राच्या किंवा समाजकार्याच्या मोजक्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला जे येत असे, ते आता हजारो मुलामुलींना करावे लागणार आहे, आणि या बदलाचे मी मनापासून स्वागत करते. मात्र माणसांमध्ये पाठवण्यापूर्वी कसे पाहावे, कसे ऐकावे आणि पाहिलेले-ऐकलेले मराठीत कसे उतरवावे, हे शिकवण्यासाठी वेळ राखून ठेवलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. तो वेळ मला एकेकाळी मिळाला होता. त्याचा उपयोग मला आजतागायत होत आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी असावी.

मी १९९९ साली पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या महाविद्यालयात समाजशास्त्राच्या एक मॅडम आणि मराठीचे एक सर, असे दोघे मिळून शनिवारी दुपारी वेळापत्रकाबाहेरचा एक वर्ग घेत असत. त्याला गुण नव्हते, हजेरी नव्हती, आणि आम्ही ११ जण होतो. मॅडम त्याला एथ्नोग्राफीचा वर्ग म्हणत आणि सर लेखनाचा वर्ग म्हणत. एखाद्या समूहात दीर्घकाळ वावरून, त्याच्या रोजच्या व्यवहारात शक्य तेवढा भाग घेऊन, त्या लोकांचे जगणे त्यांच्या बाजूने समजून घ्यायचे आणि मग ते लिहायचे, अशी ही मानवशास्त्रातली पद्धत आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहिले, तिथली भाषा शिकले आणि १९२२ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हापासून या पद्धतीला आजचे रूप आले, असे सामान्यतः मानले जाते. हा इतिहास मॅडमनी आम्हाला एका तासात सांगितला आणि दुसऱ्याच आठवड्यात २०० पानी वही घेऊन यायला सांगितले.

त्या वहीचा नियम असा होता. डाव्या पानावर तारीख, वेळ, ठिकाण आणि डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले. उजव्या पानावर आपल्याला काय वाटले ते. डाव्या पानावरचे उजवीकडे गेले तर चालेल, पण उजवीकडचे डावीकडे येता कामा नये. जागेवर फक्त चार-दोन शब्द टिपायचे आणि त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, सविस्तर लिहून काढायचे; दुसऱ्या दिवशीवर टाकायचे नाही, कारण एका झोपेनंतर माणूस आपल्या सोयीचे तेवढेच लक्षात ठेवतो. उजवे पान कशासाठी, असे आमच्यातल्या एकाने विचारले, तेव्हा मॅडमनी पुन्हा मॅलिनोव्स्कींचे उदाहरण दिले. त्यांच्या निधनानंतर बऱ्याच वर्षांनी, १९६७ साली, त्यांची खासगी रोजनिशी छापली गेली आणि ज्या लोकांविषयी त्यांनी एवढ्या समजुतीने लिहिले होते, त्याच लोकांविषयीचा त्यांचा वैताग आणि तुच्छताही जगासमोर आली. आपल्या मनात राग, कंटाळा, किळस, दया यांपैकी काहीही आले तरी ते लपवायचे नाही, उजव्या पानावर लिहून ठेवायचे. म्हणजे डाव्या पानात ते कुठून शिरते आहे हे आपल्याला ओळखता येते, असे त्यांचे म्हणणे होते.

आम्हा चौघींना गिरणारे दिले होते. नाशिकहून हरसूलच्या वाटेवरच्या या गावात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतून आलेल्या आदिवासी मजुरांचा बाजार भरतो, हे नाशिककरांना सांगायला नको. ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते. छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावणे, मग घड न धरलेल्या फेलफुटी काढणे, पुढे घडांची विरळणी, डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणे, आणि शेवटी माल काढणी, असे काम लागून असते आणि त्यासाठी टोळ्या ठरवल्या जातात. पहिल्या दिवशी मी तासभर उभी राहिले आणि रात्री डाव्या पानावर लिहिले, "मजूर लाचारपणे उभे होते." मॅडमनी 'लाचारपणे' या शब्दाखाली रेघ ओढली आणि समासात विचारले : किती जण उभे होते, किती बसले होते, हात कुठे होते, कोण कोणाकडे चालत गेले?

मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, म्हणून पुढच्या रविवारी पहाटेच्या एसटीने मी पुन्हा गेले. या वेळी दिसले ते असे. बायका बहुतेक बसलेल्या होत्या, गाठोडी मांडीशी धरून, चार-चार, पाच-पाच जणींच्या घोळक्यात. उभे होते ते बागायतदार आणि मुकादम. घोळक्यांकडे चालत येत होते तेही तेच. एका घोळक्याने माझ्यादेखत दोघांना नकार दिला आणि तिसऱ्याबरोबर बोलणी सुरू केली. बोलणी केवळ मजुरीची नव्हती. राहायला दिलेल्या जागेवर पाणी आहे का, रात्री दिवा असतो का, बाग रस्त्यापासून किती आत आहे, काम रोजाने की एकरावर उक्ते, आणि अगोदरच्या टोळीचा हिशेब पुरा केला का, एवढे सगळे त्या विचारून घेत होत्या. त्यांच्या गरजेविषयी मला शंका नव्हती आणि आजही नाही. बागायतदाराच्या आणि त्यांच्या हातात असलेले बळ सारखे नव्हते, हेही उघड होते. तरी त्या निवड करत होत्या, पारखत होत्या, आणि मी 'लाचार' हा शब्द वापरून त्यांची सगळी अक्कल एका फटक्यात पुसून टाकली होती. तो शब्द मी बाजारात पाहिलाच नव्हता. घरून घेऊन गेले होते.

दुसरा धडा शब्दांचाच, पण उलट्या दिशेने. इथे का आलात, असे विचारल्यावर एक बाई म्हणाल्या, "जगायला आलो." मी वहीत लिहिले, "हंगामी स्थलांतर." मॅडमनी ते खोडले नाही, पण त्याच्या आधी ते दोन शब्द जसेच्या तसे लिहायला लावले आणि म्हणाल्या, की आधी त्यांचा शब्द, मग तुझा, कारण तुझा शब्द कोणत्याही पुस्तकात मिळेल. मी त्यावर खूप दिवस विचार केला. स्थलांतर म्हणजे इथून तिथे जाणे. जगायला येणे यात ज्या गावाहून निघालो तिथे पाऊस संपल्यावर जगणे कसे अवघड होते, तेही आले, आणि पाऊस आल्यावर परत जायचे आहे, तेही आले. आमच्यापैकी कोणालाही त्यांची कोकणा बोली येत नव्हती. एक मुलगी त्यांचे आम्हाला आणि आमचे त्यांना सांगत होती. तिने काय गाळले असेल आणि काय आपल्या पदरचे घातले असेल, हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून कोणते वाक्य थेट ऐकले आणि कोणते तिच्या तोंडून, हेही वहीत वेगवेगळे नोंदवायची ताकीद होती.

सरांचे काम इथून सुरू होत असे. वहीतून लेख तयार करायचा, तो वर्गात मोठ्याने वाचायचा, इतरांनी ऐकायचा आणि मग पुन्हा लिहायचा. एकेक लेख चार-पाच वेळा लिहावा लागे. शाळेत निबंधाची सुरुवात सुभाषिताने आणि शेवट उपदेशाने करायची सवय लागलेली होती, ती मोडायलाच दोन महिने गेले. त्याहून चिवट सवय होती ती 'दिसून येते', 'आढळून आले', 'निदर्शनास आले', 'असे म्हटले जाते' या क्रियापदांची. सर विचारत, कोणाला दिसून आले? कोण म्हणते? आमच्या मराठी कार्यालयीन भाषेत कर्ता लपवायची सोय फार चांगली आहे आणि तिला आपण भारदस्तपणा समजतो. "मजुरांमध्ये शिक्षणाविषयी अनास्था दिसून येते" या वाक्यात पाहणारा कोण, त्याने कोणाला पाहिले, किती वेळ पाहिले, यांपैकी काहीच नाही. सर ते वाक्य उलगडून लिहायला लावत आणि उलगडताना पुष्कळदा असे लक्षात येई, की आपल्याजवळ लिहिण्यासारखे काही नाहीच.

पण लेखनाच्या वर्गातली जी गोष्ट मी कधी विसरणार नाही, ती सर्वनामांची. माझ्या तिसऱ्या खर्ड्यावर सरांनी शेरा लिहिला नाही, फक्त लाल शाईने १४ वर्तुळे काढून कागद परत दिला. घरी येऊन पाहिले तेव्हा कळले. बागायतदार 'ते म्हणाले' असे मी सगळीकडे लिहिले होते. मुकादम 'तो म्हणाला' होता. आणि माझ्या आईपेक्षा वयाने मोठ्या असलेल्या, मला आपल्या चुलीवरचा कोरा चहा देणाऱ्या बाई 'ती म्हणाली' होत्या. हे मी ठरवून केले नव्हते. इतर काही भाषांत हा प्रश्न उद्भवतच नाही, पण मराठीत आपण कोणाविषयीही एक वाक्य लिहिले की त्या माणसाला किती मान द्यायचा हे त्या वाक्यातच ठरून जाते, आणि बहुतेक वेळा ते आपल्या नकळत ठरते. मी उजव्या पानावर कितीही सहानुभूती ओतली असती, तरी माझ्या व्याकरणाने त्या बाईंना खाली बसवून ठेवले होते. चौथ्या खर्ड्यात मी 'त्या म्हणाल्या' असे लिहिले. वाचताना कानाला खटकले. का खटकले, याचे उत्तर मला त्या मजूर बाजारापेक्षा माझ्या घराविषयी, आमच्या आळीविषयी, धुणेभांडी करायला येणाऱ्या मावशींना आम्ही लहान मुलेसुद्धा 'तू' म्हणत होतो त्याविषयी अधिक सांगून गेले. सरांनी कोणते रूप वापरायचे हे कधीच सांगितले नाही; त्या बायका आपापसांत एकमेकींना 'तू'च म्हणतात, तेव्हा 'ती' हे रूप जवळिकीचेही असू शकते, असेही ते म्हणाले. जे वापराल ते जाणून वापरा आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजा, एवढाच त्यांचा आग्रह होता.

माझी सर्वांत मोठी चूक लेख पूर्ण झाल्यावर उघडकीला आली. मॅडमचा आणखी एक नियम होता : ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना ते वाचून दाखवल्याशिवाय लेख पुरा झाला असे समजायचे नाही. मी माझी पाच पाने घेऊन बागेतल्या त्या बाईंच्या झापावर, म्हणजे झोपडीवर, गेले. माझ्या लेखात एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. दिवाळीच्या सुमारास मी त्याला दिवसभर बांधावर खेळताना पाहिले होते आणि लिहिले होते, की आईबाप कामाच्या मागे फिरत असल्याने हा मुलगा शाळेबाहेर राहिला आहे. त्या बाई शांतपणे ऐकत होत्या. त्या ओळीवर त्यांनी मला थांबवले. मुलगा आश्रमशाळेत होता, तिसरीत. दिवाळीची सुट्टी लागली, गावी घराला कुलूप, म्हणून त्याचे वडील त्याला शाळेतून थेट बागेवर घेऊन आले होते. सुट्टी संपल्यावर परत सोडूनही आले. मी सगळे पाहिले होते, फक्त सुट्टी आहे हे विचारले नव्हते, आणि मी स्वतः सुट्टी असल्यामुळेच दिवसा तिथे होते हेही माझ्या ध्यानात आले नव्हते. आईबापांबरोबर फिरताना ज्यांची शाळा खरोखर सुटते अशी मुलेही त्याच बागांत होती, त्यांच्याविषयी लिहायलाच हवे होते. पण मी या मुलाला त्यांच्यात उभे केले होते. कोणी प्रश्नावली घेऊन गेले असते आणि 'मूल सध्या कोठे आहे' या प्रश्नापुढे खूण केली असती, तर तो मुलगा एका टक्केवारीत कायमचा जाऊन बसला असता.

त्याच दिवशी त्या बाईंनी विचारले, की नाव कशाला लिहिता? पुढल्या साली याच मुकादमाकडे यायचे आहे, हिशेबाविषयी आपण बोललो ते त्याच्या कानावर जायला नको. मी नाव आणि गाव दोन्ही काढून टाकले. त्यांना शब्द दिला, की ते कोणाला कळणार नाही.

मी पुढे संशोधक झाले नाही. गेली वीसहून अधिक वर्षे मी एका सहकारी पतसंस्थेच्या कर्ज विभागात आहे आणि दिंडोरी व निफाड तालुक्यांतल्या बागा पाहून पाहणी अहवाल लिहिणे हे माझ्या कामाचा मोठा भाग आहे. अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली की महिनाभर दुसरे काम नसते. "सदर बागेची पाहणी केली असता नुकसान झाल्याचे निदर्शनास आले" हे वाक्य मी एकदाही लिहिलेले नाही. कोणत्या तारखेला, किती वाजता, बागेच्या कोणत्या टोकापासून किती ओळी चालले, किती वेलींचे घड मोजले, मणी तडकले होते की कूज लागली होती, आणि माझ्याबरोबर कोण चालत होते, असे लिहिते. सातबारावर ज्यांचे नाव असते ते पुष्कळदा ओट्यावर बसून बोलतात. फवारणीची नोंदवही त्यांच्या सून किंवा पत्नी ठेवत असतात आणि औषध कधी मारले, किती दिवस पाने ओली राहिली, हे त्यांनाच ठाऊक असते. त्यांना काही विचारावे हे मला कोणत्या परिपत्रकाने सांगितले नाही. या माहितीमुळे काही कर्जदारांना वेळेवर मुदतवाढ मिळाली आणि एकदोघांचे खोटे दावेही उघड झाले.

असे शिक्षण ही परदेशातून आणलेली चैन आहे, असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्रातल्या गावाचा कारभार, बलुतेदार, वतने, सण आणि देणीघेणी यांचे बारकाईने केलेले वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा'मध्ये १९१५ सालीच केले होते, म्हणजे मॅलिनोव्स्कींचा ग्रंथ येण्याच्या सात वर्षे अगोदर. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर स्वतः चालल्या, आणि विठ्ठलाच्या नावाने एकत्र चालणारे ब्राह्मण आणि मराठा वारकरी जेवायला वेगळे बसतात, हे पाहून त्यांना जे वाटले ते त्यांनी भक्तिभावाच्या आड दडवले नाही. आणि आपल्या नाशिकात रामकुंडावर तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आहेत, ज्यांत यात्रेकरूने आपल्या हाताने आपले नाव, गाव, वाडवडिलांची नावे लिहून ठेवायची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. माणसाची नोंद त्याच्या स्वतःच्या तोंडून आणि हातून घ्यावी, हे या शहराला कोणी नव्याने शिकवायला नको.

मोजणीला माझा विरोध नाही. किती मजूर येतात, त्यांना काय दर मिळतो, किती मुलांची शाळा सुटते, हे आकडे हवेतच, आणि ते नीट मोजणारी माणसेही हवीत. परंतु नऊ वाजता सुरू करून बारापर्यंत भरलेल्या ५० प्रश्नावल्या म्हणजे मोजणी नव्हे आणि भेटही नव्हे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून क्षेत्रकार्य केले. त्यावरून सिद्ध केलेल्या त्यांच्या टिपणांच्या प्रती १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे लावलेल्या आगीत जळाल्या, आणि तरीही त्यांनी मुख्यतः स्मरणाच्या आधारे त्या गावावर पुस्तक लिहिले, जे १९७६ साली आले. ते लिहू शकले, कारण त्या गावातली माणसे त्यांच्या मनात वस्तीला आली होती. माझ्या भाचीच्या ५० प्रश्नावल्या उद्या हरवल्या तर तिच्याजवळ सांगण्यासारखी एकही बाई उरणार नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. तिच्या काही वर्गमित्रांनी तर तेवढेही कष्ट घेतले नाहीत. तयार प्रकल्प विकत मिळतात, आणि आता संगणकाला विषय सांगितला की तो घटकाभरात स्वच्छ भाषेत अहवाल लिहून देतो. ज्या अहवालात 'आढळून आले' एवढेच लिहायचे असते, तो कोणीही कुठेही बसून लिहू शकतो. म्हणूनच मला वाटते, की गुण अहवालाला न देता वहीला द्यावेत : तारीख, वेळ, ठिकाण असलेल्या, डावे-उजवे पान वेगळे ठेवलेल्या, खाडाखोड केलेल्या वहीला.

आपल्या वृत्तपत्रामार्फत नाशिकमधल्या महाविद्यालयांना आणि अभ्यास मंडळांवर काम करणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. ५० माणसांना एकदा भेटण्याऐवजी विद्यार्थ्याला दोन-तीन माणसांना सहा-सात वेळा भेटू द्यावे. प्रकल्प समाजशास्त्राचा असो, अर्थशास्त्राचा असो की वाणिज्याचा, त्याचा एक तरी खर्डा मराठीच्या शिक्षकांनी वाचावा आणि त्यांच्या कार्यभारात त्यासाठी तास धरावेत. आमच्या सरांना आणि मॅडमना ते पदरमोड करून, आपल्या शनिवारातून करावे लागले, तसे आता व्हायला नको. लिहिलेले संबंधित माणसांना वाचून दाखवले का, आणि त्यांनी काय दुरुस्ती सांगितली, हे शेवटच्या पानावर असावे. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय या शहरात आहे. दरवर्षीच्या चांगल्या वह्यांच्या प्रती, नावे वगळून, अशा ठिकाणी जपता आल्या तर पन्नास वर्षांनी नाशिकच्या इतिहासकाराला त्यांचा उपयोग होईल. २०२७ च्या सिंहस्थाची लगबग सुरू आहेच. पंचवटीतले फुलवाले, घाट झाडणारे कामगार, तांबट आळीतले कारागीर, बाहेरगावाहून येऊन पथारी मांडणारे विक्रेते, यांच्याकडे विद्यार्थी जाणारच आहेत, आणि तेव्हा त्यांच्या हातात प्रश्नावली असेल की वही, हे आत्ताच ठरवावे लागेल.

माझी १९९९ सालची वही आणि त्या लेखाचे पाचही खर्डे, लाल वर्तुळांसकट, माझ्याजवळ आहेत. कोणा शिक्षकांना वर्गात दाखवण्यासाठी त्या हव्या असतील, तर आपल्या कार्यालयामार्फत मी आनंदाने देईन. फक्त काही पानांवरच्या नावांवर आणि गावांवर मी कागदाची पट्टी चिकटवून देणार आहे, ती कृपया कोणी काढू नये.

आपली,
एक वाचक,
गंगापूर रोड, नाशिक